पियानोतले गाणे : रूबिनस्टाईन यांनी वाजवलेली शोपँची नॉक्टर्न

कोल्हापुरात पेटी शिकणाऱ्याचा कान गाण्यावरच तयार होतो. थोर गायक अल्लादियाखाँसाहेबांचे वास्तव्य या गावाला लाभले आणि गायक भास्करबुवा बखल्यांच्या गायकीचा ध्यास घेतलेले पेटीवादक गोविंदराव टेंबे इथलेच. त्यामुळे पट्ट्यांच्या वाद्यातूनही गळा ऐकू आला पाहिजे, ही अपेक्षा आमच्यात मुरलेली आहे. तीच अपेक्षा मनात ठेवून संगीतकार फ्रेडरिक शोपँच्या १९ नॉक्टर्नचा, पियानोवादक आर्थर रूबिनस्टाईन यांनी १९६५ आणि १९६७ साली रोममध्ये ध्वनिमुद्रित केलेला दोन सीडींचा संच मी मागवला आणि गेला महिनाभर तो रोज रात्री ऐकतो आहे.

नॉक्टर्न म्हणजे रात्रीच्या भाववृत्तीची छोटी वाद्यरचना. तिचा साचा जॉन फील्ड या आयरिश पियानोवादकाने घडवला : डाव्या हाताने सुटे करून वाजवलेले स्वरसमूह आणि त्यांवर उजव्या हाताचे एकच गाणे. पोलंडमध्ये १८१० साली जन्मलेल्या शोपँने तो साचा घेतला, पण त्यात प्राण ओतला तो इटालियन ऑपेराच्या गायनाने. बाख आणि मोझार्ट ही त्याची आयुष्यभराची दैवते. मात्र १८३१ साली पॅरिसला आल्यावर तिथल्या थोर गायक-गायिकांना त्याने कान देऊन ऐकले आणि शिष्यांनाही तो गायकांना ऐकायला सांगत असे. उत्तम वादकाची तालीम गायकाच्या पायाशी होते, हे आपल्याकडे कुणाला वेगळे सांगावे लागत नाही.

या गाण्याचे मर्म मला माझ्या पेटीवरच कळले. ओपस ९ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनांना दिलेला क्रमांक) मधले दुसरे, सर्वांत प्रसिद्ध नॉक्टर्न काळी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी काळी पट्टी, षड्ज धरून वाजवून पाहिले. चाल मंद्र पंचमावरून थेट मध्य गंधारावर झेप घेते. भाता चालू आहे तोवर पेटीवरचा तो गंधार हवा तितका वेळ टिकतो; पियानोवरचा स्वर मात्र वाजताक्षणीच विरू लागतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, तर दोन्ही वाद्यांना नाही. म्हणूनच पुढचा स्वर आधीच्या स्वराची जेवढी शक्ती उरली असेल तिला जुळेल इतक्याच वजनाने लावावा लागतो, आणि रूबिनस्टाईन हे असे साधतात की सांधा कुठे आहे ते कळत नाही. चाल पुन्हा येते तेव्हा तीत नव्या मुरक्या येतात, पुढे आणखी येतात. चांगला गायक अस्ताई दुसऱ्यांदा म्हणताना जे करतो, तेच हे. डावा हात तीन-तीन मात्रांच्या चार गटांत ठेक्यासारखा स्थिर असतो आणि उजवा त्यावर थोडा रेंगाळतो, थोडा पुढे जातो. शोपँ शिष्यांना हेच शिकवत असे.

पहिल्या मुद्रणाच्या वेळी रूबिनस्टाईन ७८ वर्षांचे होते. त्यांच्या वादनात कुठेही लाडिकपणा नाही. भावना दाखवण्यासाठी ते लय ओढत नाहीत. ओपस ४८ च्या पहिल्या, सी मायनरमधल्या नॉक्टर्नमध्ये मात्र हा संयम मला थोडा जास्त वाटला. तिथे शेवटी मूळ चाल दुप्पट गतीच्या अस्वस्थ साथीवर परतते आणि ती मला अधिक उग्र हवी होती. शोपँच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्यांपैकी दोन नॉक्टर्न संचात नाहीत, हे घेणाऱ्याने आधी जाणून घ्यावे. मला पाठवलेल्या संचाची पेटी तडकलेली निघाली, विक्रेत्याने ती बदलून दिली नाही. तबकड्या सुदैवाने शाबूत होत्या.

ज्यांनी पियानो कधी लक्षपूर्वक ऐकलेला नाही, त्यांनी सुरुवात ओपस २७ च्या दुसऱ्या नॉक्टर्नपासून करावी. ते काळी एकचे आहे. काही वेळाने उजव्या हातात दुसरा आवाज येऊन मिळतो आणि दोघे तिसऱ्या-सहाव्या स्वराच्या अंतराने, एकमेकांना सांभाळत, पुढे जातात. दिवे मंद करून आणि पंखा बंद ठेवून ऐकावे, म्हणजे शेवटचे स्वर वर जात जात कसे विरतात ते पुरते ऐकू येईल.