जुन्या सरकारी सॉफ्टवेअरमधलं दोन आकडी वर्ष: विंडोइंग, चार आकडे की नवीन सिस्टिम?

पंचायतीत, नगरपालिकेत किंवा एखाद्या छोट्या खात्यात नव्वदच्या दशकातलं, फॉक्सप्रो नाहीतर क्लिपर या डेटाबेस भाषांत लिहिलेलं सॉफ्टवेअर अजून चालू असेल आणि त्याचं काय करायचं हे तुमच्या टेबलावर आलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. वायटूकेचं, म्हणजे वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवल्यामुळे '००' हे १९०० की २००० ते कॉम्प्युटरला न कळण्याचं, काम १९९९ मध्ये बऱ्याच ठिकाणी पुढे ढकलून ठेवलेलं आहे, त्याची मुदत आता जवळ आलीय.

सगळ्यात स्वस्त म्हणजे विंडोइंग. डेटाला हात लावायचा नाही, फक्त प्रोग्रॅमला सांगायचं की ०० ते २९ आलं तर २००० नंतरचं आणि ३० ते ९९ आलं तर १९०० चं. क्लिपरमध्ये 'सेट एपॉक' अशी एकच ओळ लागते, म्हणून तेव्हा वेळ कमी असलेल्या सगळ्यांनी हेच केलं. पण ही रेघ (इथे २९ आणि ३० मधली) जिथे मारली तिथे आपण कधीतरी पोचणारच. न्यूयॉर्कमधले पार्किंग मीटर जानेवारी २०२० मध्ये कार्ड घेईनासे झाले, तिथेही सॉफ्टवेअरमध्ये घातलेली तारखेची मर्यादा कोणी पुढे सरकवली नव्हती. आपल्याकडे समजा एखाद्या दुकानाचं लायसन्स २०२५ मध्ये पाच वर्षांसाठी रिन्यू केलं, सॉफ्टवेअरने मुदत '३०' लिहिली आणि ती १९३० वाचली, की नवंकोरं लायसन्स संपलेलं दिसणार, म्हणजे २०३० ची वाट बघायचीसुद्धा गरज नाही. फाईल एक्सेलमध्ये उघडत असाल तर तिथेही बघा, कित्येक मशीनवर १५/८/२९ टाकलं की २०२९ होतं आणि १५/८/३० टाकलं की १९३०.

तरी वीजबिल, पाणीबिल, घरपट्टी यांना विंडोइंग चालेल असं माझं मत आहे, कारण तिथे दहा-पंधरा वर्षांपलीकडचं फारसं कोणी काढत नाही, फक्त रेघ पुढे सरकवा आणि ती कुठे मारली ते लिहून ठेवा.

जन्म-मृत्यूच्या नोंदींना मात्र अजिबात नाही! गोव्यात पोर्तुगीज काळातले दाखले आजही रोज मागितले जातात, नातवंडं आजोबांची १९२४ ची नोंद शोधत येतात, आणि त्याच गावात २०२४ मध्ये जन्मलेलं बाळही आहे. कॉम्प्युटरमध्ये दोघांचंही वर्ष '२४'. रेघ कुठेही मारा, दोघांपैकी एक चुकणारच, कारण नोंदी शंभर वर्षांपेक्षा जास्त काळाच्या आहेत. जमिनीच्या कागदांचंही तेच. इथे चार आकडी वर्षच पाहिजे.

ते किती अवघड हे एका गोष्टीवर ठरतं, ती तपासल्याशिवाय कोणालाही कोटेशन देऊ देऊ नका. टेबलचं स्ट्रक्चर उघडा आणि तारखेच्या फील्डचा टाईप बघा. टाईप डेट असेल तर डीबीएफ फाईलमध्ये (फॉक्सप्रो-क्लिपरची डेटा फाईल) वर्ष मुळातच चार आकडी साठवलेलं असतं, स्क्रीनवर दोन दिसतात इतकंच, 'सेट सेंच्युरी ऑन' करून रिपोर्टचे कॉलम दोन अक्षरांनी रुंद केले की बरंचसं काम झालं (आधी चुकीच्या शतकात गेलेल्या एंट्र्या तेवढ्या शोधाव्या लागतील). टाईप कॅरॅक्टर, म्हणजे तारीख नुसती अक्षरं म्हणून साठवलेली, असेल तर मात्र खरं काम आहे, प्रत्येक इंडेक्स, प्रत्येक रिपोर्ट, छापील फॉर्मवरची जागा, आणि शतक कुठलं ते हाताने लिहिलेलं रजिस्टर उघडूनच ठरवायला लागतं. त्याला माणसं लागतात आणि जुनी अक्षरं वाचता येणारी लागतात.

कॉम्प्युटरचं घड्याळ २८ वर्षं मागे लावायची युक्तीही कोणीतरी सुचवेल, वार बरोबर जुळतात म्हणून. लोकांना दाखले देणाऱ्या ऑफिसात ती नको, दाखल्यावर वर्षच चुकीचं पडेल.

नवीन सिस्टिम घ्यायची तर टेंडर, ट्रेनिंग, पैसा हे आलंच, पण लोक विसरतात की शतक ठरवायचं काम त्यातही सुटत नाही, मायग्रेशनच्या, म्हणजे जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये नेण्याच्या, आधी ते करावंच लागतं. म्हणून रजिस्टर ताडून बघायचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा मागा. शिवाय नवीन म्हणजे सेफ असं नाही. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटच्या आकड्यात मोजणारा प्रोग्रॅम, तो आकडा भरल्यामुळे, १९ जानेवारी २०३८ ला आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी अडकतो, आणि आज दिलेली वीस वर्षांची लीज त्याच्या पलीकडे जाते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मुदतीची तारीख 'टाईमस्टॅम्प' टाईपमध्ये ठेवलेली असेल तर तीच मर्यादा येऊ शकते, 'डेटटाईम' असेल तर नाही. डेमोच्या दिवशी व्हेंडरला तुमच्यासमोर तीन तारखा टाकायला लावा: २९ फेब्रुवारी १९२४, १ जानेवारी २०३० आणि २० जानेवारी २०३८. तिन्ही सेव्ह होऊन प्रिंटमध्ये बरोबर आल्या तरच फाईल पुढे पाठवा.