ड्रुपल ७ वरून १० वर गेल्यानंतर: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

ड्रुपल म्हणजे वेबसाइट बांधायची आणि चालवायची प्रणाली. तिच्या ७ या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला थांबला. २०११ च्या ५ जानेवारीलाच आलेली ही आवृत्ती बरोबर चौदा वर्षं चालली. मुदत आधी नोव्हेंबर २०२१ ची होती. ती वाढत गेली आणि प्रत्येक वेळी ग्राहकांनी हुश्श केलं. माझ्याकडे देखभालीला एका मासिकाच्या जुन्या अंकांची साइट, एका महाविद्यालयाची साइट आणि दोन छोट्या संस्थांच्या साइट्स आहेत. पहिल्या दोन १० वर नेल्या. आता त्या रोजच्या वापरात आहेत, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, जी ग्राहकाला आधीच सांगून टाकावी: हे नुसतं अपडेट नाही. २०१५ साली ड्रुपल ८ आलं तेव्हा आतला पाया सिम्फनी या तयार कोडच्या चौकटीवर गेला आणि टेम्प्लेट्स, म्हणजे पानांचे साचे, ट्विग या भाषेत आले. त्यामुळे रिकामी नवी साइट उभी करायची आणि जुन्या डेटाबेसमधला माल तिच्यात ओढायचा, एवढाच रस्ता उरतो. लेख, टॅक्सॉनॉमी (विषयांची वर्गवारी), वापरकर्ते, फाइली, पानांचे जुने पत्ते हे सगळं येतं. थीम, म्हणजे साइटचं रूप, येत नाही. व्ह्यूज, म्हणजे डेटाबेसमधून आपोआप बनणाऱ्या याद्या, त्याही येत नाहीत. मासिकाच्या साइटवर ‘वर्षानुसार अंक’, ‘लेखकानुसार लेख’ असं सगळं व्ह्यूजवरच उभं होतं. एकेक यादी हाताने पुन्हा बांधली. म्हणून खर्चाचा अंदाज देताना लेख किती ते मोजू नका. हजारो लेख एका कमांडमध्ये येतात, वीस व्ह्यूज मात्र आठवडा खातात.

नवी साइट खरोखर रिकामी असू द्या. कोअरचं, म्हणजे ड्रुपलच्या मूळ संचातलं, मायग्रेशन (जुना माल ओढण्याची सोय) नोडचे, म्हणजे प्रत्येक लेखाचे वा पानाचे, जुने क्रमांक तसेच ठेवतं. कुणी उत्साहाने आधीच ‘आमच्याविषयी’चं पान तयार करून ठेवलं असेल, तर त्याच क्रमांकाचा जुना लेख त्याच्यावर येऊन बसतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला लेखांमधल्या चित्रांवर. ड्रुपल ७ च्या मीडिया या मॉड्यूलने (वरून जोडायच्या भागाने) टाकलेलं चित्र मजकुरात चित्र म्हणून साठवलेलं नसतं. तिथे दोन चौकोनी कंस, त्यात महिरपी कंस, आत फाइलचा क्रमांक आणि रुंदी-उंची, असं एक टोकन असतं. नव्या साइटवर लेख उघडला की चित्राच्या जागी हीच कंसांची माळ दिसते. मीडिया मायग्रेशन मॉड्यूलने बरंच निस्तरलं, पण जुन्या संपादकांनी टोकनच्या मधोमध ठळक अक्षरांचा टॅग घुसवला होता तिथे तेही अडकलं. अशा लेखांची यादी डेटाबेसमधून काढून हातानेच दुरुस्त्या केल्या. मायग्रेशन मागे फिरवून पुन्हा चालवता येतं, ही सोय नसती तर मी हे काम सोडून दिलं असतं.

मराठी साइट असेल तर पाथऑटोची, म्हणजे शीर्षकावरून पानाचा पत्ता बनवणाऱ्या मॉड्यूलची, सेटिंग्ज आधी बघा. आमचे जुने पत्ते देवनागरीत होते आणि ते जसेच्या तसे आले. नवे लेख टाकायला लागल्यावर मात्र पत्ते रोमन लिपीत बनू लागले, तेही धड वाचता येणार नाहीत असे. लिप्यंतराची एक खूण काढली की थांबतं. अ‍ॅडमिनमधलं मराठी भाषांतर अर्धवट आहे. एका बटणावर ‘जतन करा’, शेजारच्यावर इंग्रजी. संपादकांनीच सांगितलं, सगळं इंग्रजी ठेवा.

रोजच्या वापरात काय बदललं? संपादक मीडिया लायब्ररीवर खूश आहेत, तोच फोटो पुन्हा पुन्हा चढवणं बंद झालं. लेख लिहायची नवी चौकट, सीकेएडिटर ५, वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरातला कचरा बऱ्यापैकी गाळते. माझ्यापुरतं बोलायचं तर कॉन्फिगरेशन (साइटची सगळी सेटिंग्ज) फाइलींमध्ये निर्यात होतं, ते गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवता येतं, यासाठीच सगळे कष्ट वसूल. पूर्वी चाचणीच्या साइटवर केलेले बदल वहीत लिहून मग खऱ्या साइटवर एकेक क्लिक करत बसायचो.

नावडतं ते स्वस्त होस्टिंगवरचं. १० ला किमान पीएचपी ८.१ (ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय ती) हवं, कोडचे भाग आणून जुळवणारा कंपोझर हवा, आणि मेमरी ७ पेक्षा सढळ लागते. महाविद्यालयाच्या होस्टवाल्याने कमांड लाइन द्यायला साफ नकार दिला. शेवटी सर्व्हरच बदलला, आणि तो वार्षिक खर्च अंदाजपत्रकात कुणीच धरलेला नव्हता.

मासिकाची साइट नंतर ११ वर नेली. अपग्रेड स्टेटस मॉड्यूलने दोन मॉड्यूल जुनी असल्याचं दाखवलं. ती बदलली, सर्व्हरवर पीएचपी ८.३ केलं आणि दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. ७ वरून येताना झालेला त्रास यापुढे दर आवृत्तीला होणार नाही, हे इथे पहिल्यांदा पटलं.

तरी छोट्या संस्थांना मी १० सुचवलं नाही. एकीची साइट बॅकड्रॉपवर नेली. ते ड्रुपल ७ मधूनच फुटून निघालं, जानेवारी २०१५ मध्ये पहिली आवृत्ती आली आणि ७ चा डेटाबेस त्यात थेट अपग्रेड होतो. दुसरीच्या साइटवर कित्येक वर्षांत कुणी काही लिहिलेलंच नव्हतं. तिची साधी एचटीएमएल पानं करून टाकली, आणि अजून कुणाची तक्रार नाही.