गाडगीळ लायब्ररी, पुणे: पीएचडीला गाईड शोधताय तर आधी इथे बसा

डेक्कनला बीएमसीसी रोडवर गोखले इन्स्टिट्यूट आहे ना, तिथली धनंजयराव गाडगीळ लायब्ररी. माझ्याकडून पाचपैकी पाच.

मी तिथे पोचले ते एका मॅडमनी परत पाठवलं म्हणून. एमए इकॉनॉमिक्सला 58 टक्के होते, पीएचडीला 55 लागतात (राखीव गटांना 5 ची सूट असते), मग काय, गेले आणि म्हटलं मॅडम माझ्या गाईड व्हाल का. त्यांनी एवढंच विचारलं, "माझे कुठले पेपर वाचलेस?" एकही नाही. रागावल्या नाहीत, म्हणाल्या आधी दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांचा गरिबीवरचा अभ्यास नीट वाचून ये, मग माझं वाच, मग बोलू.

दांडेकर आणि रथ दोघंही याच इन्स्टिट्यूटचे. भारतातल्या गरिबीवरचा त्यांचा अभ्यास 1971 चा, मी बीएला असताना नोट्समधून दोन ओळी पाठ केल्या होत्या, माणशी रोज 2,250 कॅलरी वगैरे. इथे मूळ लेख हातात घेऊन बसले तेव्हा कळलं की गरिबीची रेषा, म्हणजे एवढ्या कॅलरी मिळायला लागणारा खर्च, काढली कशी. 1960-61 च्या किमतींना खेड्यात माणशी वर्षाला 180 रुपये, शहरात 270. वहीत 180 ला 12 ने भागलं, महिन्याला 15 रुपये आले, आणि त्याच्याही खाली खेड्यातली साधारण 40 टक्के माणसं! त्या आकड्यावर बोट ठेवून मी बराच वेळ नुसती बसले होते. ज्या क्लासमध्ये मी नेट परीक्षेची तयारी केली (नाव नको) तिथे हे सगळं एका एमसीक्यूत संपलं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी, ज्यांच्या नावाची ही लायब्ररी त्या गाडगीळांचा पुण्याचा सामाजिक-आर्थिक सर्व्हे काढला, 1945 आणि 1952 असे दोन भाग. घरोघरी जाऊन विचारलेलं, कोण काय काम करतं, किती कमावतं. जुनी पानं आहेत, हळू उलटा प्लीज.

आता कामाचं. प्रोफेसरला एका वेळी 8 च पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात, असोसिएटला 6, असिस्टंटला 4, त्यामुळे जागा मुळातच कमी. सरसकट सगळ्यांना मेल टाकत बसू नका, ज्यांचं काम खरंच आवडलंय अशा दोघा-तिघांचं मनापासून वाचा. आणि गणित, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमेट्रिक्स (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासायचं तंत्र) कच्चं असेल तर आत्ताच हात घाला, कारण आजच्या पेपरमधलं टेबल समजलं नाही तर पुढचं काहीच समजत नाही, माझे त्यात दोन महिने गेले.

परत गेले तेव्हा मॅडमच्या तीन पेपरवरच्या शंका वहीत लिहून नेल्या होत्या. त्यांनी वही मागून घेतली आणि पहिल्या शंकेवरच आम्ही तासभर बोललो.