10 दिवसांचं शिबिर की रोजचा अर्धा तास?

नोकरी-धंदा सांभाळून स्वतःकडे वळायचं, तर नागपूरकरांपुढे दोन सरळ वाटा आहेत: विपश्यनेचं, म्हणजे ध्यानाचं, 10 दिवसांचं निवासी शिबिर किंवा घरी रोज अर्धा तास ध्यान.

माहुरझरीच्या धम्म नाग केंद्रातल्या विपश्यना शिबिराला फी नाही, तरी खर्च आहेच. येण्याजाण्यासह 12 दिवस धरा. बुधवारी सुरू झालं, तर शनिवार-रविवार सोडून 8 रजा जातात. इतवारीतल्या दुकानदाराची तेवढी विक्री बुडते. पण पहाटे 4 ला उठणं, मौन, फोन जमा! कमाई बाजूला ठेवल्यावर आपण कोण उरतो, हा प्रश्न तिथे टाळता येत नाही. घरी तो सहज टळतो. अडचण येते परतल्यावर: सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात, आणि महिनाअखेरीच्या धावपळीत संध्याकाळचा तास आधी सुटतो.

रोजच्या अर्ध्या तासाला पैसा लागत नाही, शिस्त लागते. फोन दुसऱ्या खोलीत, बैठक जमिनीवर. पलंगावर झोप लागते. मे महिन्यात सकाळी 6 च्या आत उरका.

डोक्यावर हप्ते असतील, तर आधी अर्धा तासच धरा. तो तीन महिने टिकला, की महिन्याचा घरखर्च बाजूला काढून शिबिराचा अर्ज भरा. मानसिक आजारावर औषधं चालू असतील, तर ते अर्जात स्पष्ट लिहा.