गेमिंग लॅपटॉपची "ओरिजिनल" बॅटरी: माझे १०,३०० गेले, तुम्ही तरी सावध व्हा

महिनाभर लिहू की नको करत होतो, कारण आयटीत काम करणारा माणूस बॅटरीत फसला हे सांगायचीच लाज वाटते. पण परवा ऑफिसमधला एकजण त्याच दुकानात निघाला होता, मग म्हटलं आता बोलायलाच हवं.

लॅपटॉप ३ वर्षांचा, बॅटरी ९० वॉट-अवरची (म्हणजे ९० वॉट एक तास पुरवेल एवढी). आधी साधं काम करताना ४-५ तास आरामात जायची, ती दीड तासावर आली. दुकानदाराने रिपोर्ट काढून दाखवला, फुल चार्ज ७०,२०० मिलीवॉट-अवर, म्हणजे ७० वॉट-अवर, मूळच्या ७८ टक्के. "दादा, बॅटरी संपली, बदलून टाका." नवी ओरिजिनल ८,९००, "पॉवर ट्युनिंग" १,५००, प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट ६००, जुनी जमा केली की ७०० कमी. १०,३०० यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नाही, कुणाच्या तरी पर्सनल नावावर. बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद. यातलं सगळं मला दिसत होतं, पण संध्याकाळचे ८ वाजलेले, दुसऱ्या दिवशी क्लायंटकडे जायचं होतं, आणि माणूस इतका गोड बोलत होता की जीएसटी बिल मागणं उगाच वाटलं. तुम्ही मागा. तो तोंड वाकडं करेल, करू दे.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून डोकं तापतं. बॅटरी बसवल्यावर त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला, एकदा रीस्टार्ट केला, मग स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली, आणि मी माऊस हलवला तर कर्सर जड वाटला. मी रोज १६५ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा बदलणाऱ्या स्क्रीनवर खेळणारा माणूस, ६० हर्ट्झ हाताला लगेच कळतं! मी विचारलंही. तो म्हणाला, "नवी बॅटरी आहे, सेट व्हायला २ दिवस लागतात." आणि मी मान डोलावली. बॅटरीचा आणि कर्सरचा काय संबंध, हे तिथेच विचारायला हवं होतं.

त्याने केलं एवढंच की ग्राफिक्स जे कायम एनव्हिडियाच्या जास्त वीज खाणाऱ्या कार्डवर अडकलं होतं ते हायब्रिडवर (गरज असेल तेव्हाच कार्ड जागं होतं) टाकलं आणि स्क्रीन ६० वर आणली. तो मोड गेमसाठी मीच दिवाळीत बदलला होता आणि विसरलो, ६ महिन्यांपूर्वीची सेटिंग कोण लक्षात ठेवतं? ग्राफिक्स कार्ड जागं असलं की नुसतं ब्राऊझर उघडून माझा लॅपटॉप ४५ वॉट खातो, हायब्रिडवर १६. हिशोब करा, ७० भागिले ४५ म्हणजे दीड तास, ७० भागिले १६ म्हणजे सव्वाचार तासांच्या वर. माझी जुनी बॅटरी चांगली होती हो! आणि तीच त्याने ७०० रुपयांत ठेवून घेतली.

नवीने साडेतीन तास दिले, मी खूश. दुसऱ्या महिन्यापासून ३५ टक्क्यांवर धाडकन बंद. चौथ्या महिन्यात टचपॅड वर उचलला गेला, क्लिक होईना. दुसऱ्या टेक्निशियनने ३५० घेऊन उघडलं, बॅटरी फुगलेली. त्याने स्टिकरचा कोपरा नखाने उचलला, खाली दुसरं स्टिकर, त्यावर ५६ वॉट-अवर. फुगलेली दिसली तर चार्जिंग थांबवा, दाबू नका, टोचू तर अजिबात नका.

परत गेलो तर दुकानदार म्हणे हा माल आमचा नाहीच. पोलीस चौकीत दीड तास बसवून सांगितलं, सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक आयोगात जा. सायबर हेल्पलाईन १९३० वर म्हणाले हे ऑनलाईन फ्रॉडसाठी आहे. बँक म्हणे पेमेंट तुम्हीच केलंत. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार घेतली, पक्कं बिल मागितलं, दुकानदाराने "विक्री केली नाही" असं कळवलं आणि तक्रार बंद! अरे मग पैसे कशाचे गेले, कुणी त्याला विचारणार की नाही? प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो, अर्धा दिवस सुट्टी मात्र माझी जाते, अशा ३ सुट्ट्या गेल्या.

सर्व्हिस सेंटरमधून खरी बॅटरी ७,८०० ला घेतली, म्हणजे ओरिजिनल स्वस्त होती! एकूण १८,४५० गेले. बदलण्याआधी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) स्वतः टाकून बघा, एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) या सॉफ्टवेअरमध्ये किती वॉट जातायत ते बघा, ग्राफिक्सचा मोड बघा. जुनी बॅटरी देऊ नका. "गेम खेळताना ४ तास" म्हणणाऱ्याकडून तर उठाच, ९० वॉट-अवर ४ तास पुरवायची तर पूर्ण लॅपटॉप साडेबावीस वॉटमध्ये चालायला हवा, तेवढ्यात ग्राफिक्स कार्डचंच भागत नाही.

आता ग्राहक आयोगात टाकतोय, ५ लाखांपर्यंत फी नाही, २ वर्षांची मुदत आहे. ती फुगलेली बॅटरी गॅलरीत वाळू भरलेल्या कुंडीत ठेवलीये, आई रोज म्हणते फेकून दे, पण माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढीच आहे.