अनोळखी लेखकाची कादंबरी: ऐकावी की वाचावी?

ऑडिओबुकने निराशा केली की मोठी पंचाईत होते, कारण कादंबरीच पातळ आहे की अभिवाचन फसलंय हे पटकन उमगत नाही. पुस्तकात दोष कुठे आहे ते पानावरच दिसतं. त्यामुळे लेखक नवा असेल तर माझा कल पुस्तकाकडे आहे, तरी ऑडिओची बाजू दुबळी मुळीच नाही. प्रथमपुरुषी निवेदन किंवा बोलीतले संवाद भरपूर असतील, तर जाणत्या अभिवाचकाच्या आवाजात असं लेखन खुलतं. बोलीचा हेल, वाक्यामधला थांबा, न बोललेला राग मनातल्या मनात वाचताना बऱ्याचदा निसटतात.

पण कानाला चाळता येत नाही, आणि माझा निर्णय याच एका गोष्टीने झाला. लांबलचक कादंबरीत सैल पानं असतातच. डोळा ती दोन ओळींत हेरतो, भरभर खाली सरकतो आणि संवाद दिसला की थांबतो. अभिवाचक मात्र मिनिटाला साधारण 150 शब्दांच्या चालीने सगळं वाचतो. पानावर 300 शब्द धरले तर पाच पानांच्या रेंगाळलेल्या वर्णनाला दहा मिनिटं लागतात. 30 सेकंद पुढे नेणारं बटण त्यासाठी वीसदा दाबावं लागेल, तेही अंदाजाने. वर्णनाच्या पोटात दडलेलं कामाचं वाक्य त्यात हमखास निसटतं. वेग दीडपट केला तर विराम आक्रसतात आणि ज्या आवाजासाठी ऑडिओ घेतलं तोच सपाट होतो. सव्वापटीपर्यंत मला चालतं, त्यापुढे नाही. परिणामी, हातात घेऊन बरी वाटली असती अशी मध्यम कादंबरी कानाला असह्य होते.

काळ मागेपुढे होत असेल तर आणखी अवघड. प्रकरणाच्या माथ्यावरचं साल एकदाच ऐकू येतं. तेवढ्यात लक्ष उडालं की पुढचा अर्धा तास संदर्भ लागत नाही. सारख्या नावांची पात्रं असलेल्या घराण्याच्या कथेचंही तेच.

तरीही ऐकायचंच ठरलं, तर आधी लांबी तपासा. तासाला 9,000 शब्द हा हिशेब बहुतेक वेळा जुळतो. 300 पानांच्या, म्हणजे सुमारे 90,000 शब्दांच्या कादंबरीचं ऑडिओ दहा तासांच्या आसपास हवं. चार-पाच तासांचं असेल तर ती बहुधा संक्षिप्त आवृत्ती, आणि काटछाटीत उपकथानकं आधी जातात. मग नमुना ऐका, पण सुरुवातीवर फार भिस्त नको. तिच्यावर लेखकानेही जास्त हात फिरवलेला असतो. नमुन्यात दोघांचा संवाद असेल तर ‘तो म्हणाला’ येण्याआधी कोण बोलतंय ते ओळखू येतं का, आणि प्रत्येक वाक्य एकाच उतारावर संपतं का, याकडे कान द्या. पुस्तकाची परीक्षा सोपी आहे: मधलंच एखादं संवादाचं पान उघडून वाचा.

अर्ध्यावर कंटाळा आला तर जिथे अडलात तीच दोन पानं छापील प्रतीत वाचून बघा. ती सरसर पुढे गेली तर दोष अभिवाचनाचा, उरलेली कादंबरी वाचून संपवा. तिथेही पाय ओढू लागली तर खुशाल सोडा. वाचून आवडलेली कादंबरी मात्र पुन्हा भेटायला मी ऑडिओच निवडेन, कारण तेव्हा सैल जागा ठाऊक असतात आणि लक्ष उडालं तरी धागा तुटत नाही.