पैसे घेताना मिडवाइफ, जाब विचारला की नुसती सोबतीण

पहिलं सिझर झालं म्हणून दुसरंही कशाला, बाळंतपण घरीच करू, पाण्याच्या टबात, दिवे मंद ठेवून. ठाण्यात घोडबंदर रोडला, खारघरला अशी पॅकेजं विकली जातात. विकणारी स्वतःला मिडवाइफ, म्हणजे सुईण, म्हणवते. अर्धे पैसे आगाऊ, यूपीआयने. पावती मागा, त्यावर येईल ‘वेलनेस सत्रे’. खरी मेख तिथेच आहे. सगळं सुरळीत पार पडलं तर ती पावती कुणी बघत नाही. बिघडलं, तर हीच बाई सांगते, मी फक्त धीर द्यायला होते, निर्णय त्यांचा.

म्हणून पैसे देण्याआधी एकच गोष्ट विचारा: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. सुईणकामाचं शिक्षण आपल्याकडे एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांतून मिळतं आणि नोंदणी कौन्सिलकडे होते. परदेशी संस्थेचं ऑनलाइन सर्टिफिकेट किंवा डुलाचा, म्हणजे बाळंतपणात धीर देणाऱ्या सोबतिणीचा, कोर्स म्हणजे नोंदणी नव्हे. डुला वाईट असते असं नाही. कंबर चोळणं, श्वासाची लय सांभाळणं ती छान करते. पण बाळाचे ठोके ऐकून ‘चला, थांबू अजून’ म्हणणं तिचं काम नाही. ‘बॅकअप डॉक्टर आहेत’ असं ऐकवलं तर त्यांचा मेडिकल कौन्सिलचा क्रमांक घ्या आणि त्यांना स्वतः फोन करा. आपलं नाव कुठे वापरलं जातंय, हे त्यांना ठाऊक आहे का तेही त्याच फोनवर कळेल.

आता जोखमीचं. सिझरनंतर नैसर्गिक कळा येऊ दिल्या तर गर्भाशयावरचा जुना टाका उसवण्याचं प्रमाण साधारण दोनशेत एक. ‘किती कमी बघा!’ असं हा आकडा दाखवून सांगतात. आकडा खरा आहे. गाळलेला भाग असा, की टाका उसवला की हातात मिनिटं असतात. बाळाचे ठोके घसरतात, कळांच्या मधल्या वेळातही पोट दुखत राहतं, कधी कळा अचानक थांबतात. त्या क्षणी भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि जुळणारं रक्त एका छताखाली हवं. संध्याकाळी सातच्या ट्रॅफिकमध्ये घोडबंदर रोडवरच्या गायमुखहून ठाण्याकडे गाडी काढून बघा. सिझरनंतरचं नैसर्गिक बाळंतपण जरूर होतं, पण असं थिएटर असलेल्या रुग्णालयात. पायाळू बाळ, जुळी, 140/90च्या वर बीपी, साखर, खाली असलेली वार, यांपैकी काहीही असेल तर घराचा विषयच नको.

सामान दाखवायला सांगा. बाळाचे ठोके ऐकायचा डॉपलर नुसता असून उपयोग नाही. कळा जोरात सुरू झाल्यावर दर 15 ते 30 मिनिटांनी आणि जोर काढायच्या वेळी दर 5 मिनिटांनी ठोके वेळेसह लिहिलेले हवेत. 110 ते 160 हे नेहमीचं. हा कागद तीच लिहिणार का, आणि त्याची प्रत तुम्हाला देणार का? बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात श्वास द्यायला बॅग आणि 0 व 1 नंबरचे मास्क लागतात. वार पडताना रक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिन 10 युनिट, तेही 2 ते 8 अंशांत ठेवलेलं. इंजेक्शन देणार कोण? नोंदणी नसलेली व्यक्ती देऊ शकत नाही. या प्रश्नावर ‘शरीरावर विश्वास ठेवा’ असं उत्तर आलं, तर तिथेच उठा.

‘सर्व जबाबदारी माझी’ अशा कागदावर सही घेतात. सही दिलेली असली तरी घाबरू नका. संमती धोक्याला असते, निष्काळजीपणाला नसते.

बिघडल्यावर काय होतं? बाळ निळं पडलेलं, गाडीत ती बाई सोबत, आणि रुग्णालयाच्या दारातच शिकवणी: ‘अचानक घरीच झालं म्हणून सांगा, नाहीतर तुम्हीच अडकाल.’ कॅज्युअल्टीत नातेवाईक जे सांगतात तेच केस पेपरवर चढतं, आणि नंतर सगळे तोच कागद बघतात. किती वाजता कळा, कधी पानमोट फुटली, कुणी तपासलं, काय दिलं, खरं सांगा. हे बाळासाठीही. ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळाच्या मेंदूसाठी शरीर थंड ठेवण्याचा उपचार जन्मापासून 6 तासांच्या आत सुरू करावा लागतो. ‘मलूल आहे, दूध पिईल’ म्हणत घरी घालवलेला वेळ त्यातूनच जातो.

वार पुरू नका. डबाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि रुग्णालयाला पॅथॉलॉजीकडे पाठवायला सांगा. गेटच्या नोंदवहीतली आणि सीसीटीव्हीतली ये-जा जपून ठेवण्याचं पत्र सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याच आठवड्यात द्या. फुटेज पुसलं जातं. व्हॉट्सअॅप चॅट आधी एक्स्पोर्ट करा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून फोन बदलू नका. डॉक्टरांकडे लेखी मागितलेली कागदपत्रं 72 तासांत मिळायला हवीत.

कायदा इथे गंमतीशीर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106नुसार निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला 2 वर्षांपर्यंत शिक्षा. इतरांना 5 वर्षांपर्यंत. नोंदणी नसणं ही तिची ढाल नाही. पैसे भरलेत तर ग्राहक आयोगही आहे, मुदत 2 वर्षं. खारघर स्वतःला नवी मुंबई म्हणवतं, पण जिल्हा रायगड, त्यामुळे तिथल्या लोकांचा आयोग अलिबागचा. ठाणेकरांचा ठाण्यात. ऑनलाइन तक्रारही चालते.

आणि 21 दिवसांत जन्मनोंदणी करताना प्रसूतीच्या वेळी मदत कुणी केली असा रकाना येतो. ‘माझं नाव नको, नातेवाईक लिहा’ असा तिचा निरोप आला, तर तो मेसेज डिलीट करू नका. जन्माची खबर देणं हे हजर असलेल्या सुईणीचंही कायदेशीर कर्तव्य आहे.